साहेबांच्या जागी आलेला

निरीक्षकांचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि याबद्दल त्यांना निवृत्तीच्या दिवशी प्रशस्तिपत्रही मिळालं होतं. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढलेली. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण, आतून कोरून हलकं केलेलं वजन, काट्यावर हळूच टेकलेलं अंगठ्याचं टोक, हे सगळं त्यांनी इतक्या वेळा पकडलं होतं की समोरचा माणूस नुसता हसला तरी तो काय झाकतोय हे ते आधी बघत. नोकरी संपली, पण नजर काही खात्यात जमा करून घेत नाहीत. ती त्यांच्याबरोबर घरी आली.

तिला चारापाणी मिळालं ते आफ्रिकेतल्या उंदरांचं. निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात ते पाळीव प्राण्यांच्या दुकानात माशांचं खाद्य आणायला गेले होते. दुकानदार एका बाईंच्या गळ्यात पट्ट्यापट्ट्यांचा चिमुकला उंदीर 'खारीचं पिल्लू' म्हणून मारत होता. निरीक्षकांनी शेपटी बघितली. खारीची शेपटी झुपकेदार, आणि ही म्हणजे नुसती सुतळी. भर दुकानात भांडून त्यांनी तो सौदा मोडला. मग तो उंदीर कुणाचाच उरला नाही, म्हणून स्वतःच घेऊन आले.

"लोक निवृत्तीनंतर बागकाम करतात," बायको म्हणाली. "आमच्याकडे उंदीरकाम."

सहा वर्षांत बाल्कनीलगतची खोली पिंजऱ्यांनी भरली. पाठीवर काटे असलेले उंदीर होते, ज्यांना घट्ट धरलं तर कातडीचा तुकडाच हातात राहतो. अंगभर पट्टे असलेले होते. एका जातीची मादी साध्या करड्या उंदरीसारखीच दिसे, पण पोटावर फुंकर मारून केस बाजूला केले की स्तनांच्या दोन लांबच लांब रांगा सापडत. त्या मोजायच्या, मग जात कळे. आणि मांजराएवढे दोन थैलीउंदीर होते. त्यांच्या गालांना आतून पिशव्या असतात. त्यात चार-चार अक्रोड कोंबून ते दाढ सुजलेल्या माणसासारखे घरभर फिरत.

हळूहळू गावात बोभाटा झाला. दुकानदार काहीतरी भलतंच सांगून प्राणी विकतात, पाळणाऱ्याला जातच ठाऊक नसते, मग खाणं चुकतं आणि प्राणी मरतो. म्हणून रविवारी सकाळी दहा ते बारा लोक खोकी घेऊन निरीक्षकांकडे येऊ लागले. वहीत पत्ता लिहायचा, खोकं टेबलावर ठेवायचं आणि गप्प बसायचं. मालकाने आधी तोंड उघडायचं नाही, हा तिथला कडक नियम होता. मालक बोलायला लागला की बघणाऱ्याचे डोळे फितूर होतात असं निरीक्षकांचं म्हणणं. ते कातडी हातमोजे चढवत, प्राणी काट्यावर ठेवत, शेपटी मोजत, मागच्या पायाचा पंजा मोजत, दात बघत, पोट बघत. मग चिठ्ठी लिहीत: जात अमुक, वय अंदाजे अमुक, खायला हे द्या, हे देऊ नका.

त्या रविवारी आलेल्या बाईने खोकं ठेवायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"काका, मला फक्त एवढंच सांगा, हा अजून किती वाढेल?"

निरीक्षकांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. बाई गप्प झाली. असेल पस्तिशीची. केस घाईत बांधलेले, आणि खोक्यावर टॉवेल असा घातलेला की जणू आत चोरीचा माल आहे. ही गोष्ट त्यांनी मनात टिपून ठेवली.

खोक्यात थैलीउंदीर होता, नर. काटा पावणेदोन किलोवर थांबला. निरीक्षकांनी काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवून बघितला, कारण काट्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. पावणेदोनच. हे प्राणी सव्वा, फार तर दीड किलो भरतात. याच्या मानेला वळ्या पडल्या होत्या आणि पोट टेबलाला टेकत होतं.

"आता बोला. काय खायला घालता?"

"दाणे. गाजर. कधीतरी उकडलेलं अंडं."

"एवढंच?"

"एवढंच. हे बघा, हा याचाच जुना फोटो. तेव्हा बारीक होता." तिने मोबाईल पुढे केला. "वय झालं की यांचं पोट पांढरं होतं का, काका? आणि डोळ्यांभोवतीचा काळेपणा जातो का?"

निरीक्षकांनी चष्मा सारखा करून फोटो बघितला. फोटोतल्या प्राण्याच्या डोळ्यांभोवती काजळ फासल्यासारखं गडद कडं होतं. केस राठ, विस्कटलेले, आणि पोटाचा रंग पाठीच्या रंगात मिसळून गेलेला. तो गवताळ माळावरचा थैलीउंदीर. टेबलावर बसला होता तो दाट जंगलातला: अंगाला बसलेले चकचकीत केस, डोळ्यांभोवती काही नाही, आणि पोट असं पांढरंशुभ्र की पाठ जिथे संपते तिथे पट्टी लावून रेघ मारावी. सारखी होती ती फक्त शेपटी. दोघांचीही अर्धी काळी, अर्धी पांढरी. ज्याने कुणी हा प्राणी निवडला त्याने शेपटीला शेपटी जुळवून निवडला होता.

"हा तोच आहे?" त्यांनी विचारलं.

"तोच."

"नक्की?"

"माझ्या सासूबाईंचा आहे. आठ वर्षं आहे त्यांच्याकडे. साहेब म्हणतात त्याला. त्यांना दिसत नाही आता, म्हणून मीच बघते त्याचं सगळं." हे सांगताना तिने मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला. तिच्या पर्सला एक किल्ल्यांचा छल्ला लटकत होता, आणि त्यावर पाय वर करून पडलेल्या उंदराचं चित्र होतं. खाली पेस्ट कंट्रोल कंपनीचा फोन नंबर.

निरीक्षकांची नजर छल्ल्यावर थांबलेली तिने बघितली. "तिथे कामाला आहे. फोन घेते नुसते," ती म्हणाली, आणि छल्ला पर्सच्या आत ढकलला.

मग निरीक्षकांनी चिठ्ठी लिहिली. जात जंगलातली. वय अंदाजे दोन वर्षं. हा प्राणी रोज तिखट-मिठाचं, तेलातुपातलं माणसांचं खाणं खातो आहे. असंच चाललं तर सहा महिने काढणार नाही. 'दोन वर्षं' खाली त्यांनी रेघ मारली. बाईने चिठ्ठी वाचली आणि तिचा चेहरा उतरला.

"मी घरी येऊन पिंजरा बघतो," निरीक्षक म्हणाले.

"नको. म्हणजे, सासूबाईंना आवडत नाही कुणी आलेलं." तिने टॉवेल टाकला, खोकं उचललं आणि जिना उतरली सुद्धा.

निरीक्षकांनी दार लावलं आणि बायकोसमोर येऊन बसले. ती कुणाच्या तरी परकराची शिवण उसवत होती.

"ऐकलंस? आंधळी सासू, उंदीर मारायच्या कंपनीतली सून. आठ वर्षांचा प्राणी म्हणते आणि दोन वर्षांचा आणते. पहिल्याला हिने संपवला. आणि आता दुसऱ्यालाही काहीबाही चारून हळूहळू संपवते आहे. ताकास तूर लागू देत नव्हती."

"घाबरलेली होती ती."

"चोर घाबरतोच."

"चोरच घाबरतो असं नाही ना," बायको म्हणाली आणि दोरा दाताने तोडला. "तुम्ही लग्नाआधी मला बघायला आलात तेव्हा मीही घाबरले होते. काय चोरलं होतं मी?"

निरीक्षकांनी वही उघडून पत्ता उतरवून घेतला. एक म्हातारी बाई, जिला दिसत नाही, जिचा मुलगा बहुधा जवळ नाही, कारण सगळं सून बघते. आणि तिच्या मांडीवर खोटा प्राणी. गिऱ्हाइकाला माप कमी मिळतंय हे ठाऊक असून गप्प बसणं त्यांना एकतीस वर्षांत जमलं नव्हतं. म्हातारीला खरं कळायला हवं होतं, आणि तेही सून घरात नसताना.

मंगळवारी साडेअकराच्या सुमाराला ते त्या पत्त्यावर पोचले. तिसरा मजला, दाराशी एकच चपलांचा जोड. घंटा वाजवल्यावर बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "कोण?"

"थैलीउंदीर पाळणारा एक माणूस आहे, मावशी. तुमच्या साहेबांबद्दल बोलायचं होतं."

दार साखळीएवढं उघडलं. मग त्या फटीतून एक हात बाहेर आला, निरीक्षकांच्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून चोळलं आणि आत गेला. साखळी निघाली.

"सुती आहे. धुऊन धुऊन पातळ झालंय, पण इस्त्री केलेलं आहे," सासूबाई म्हणाल्या. "विकायला आलेले नाहीत तुम्ही. या."

खोली लहान आणि कमालीची नीट होती. खुर्च्या भिंतीला लागून, मध्ये काही नाही, म्हणजे अडखळायला नको. खिडकीशी पिंजरा, त्याचं दार उघडं, आणि आरामखुर्चीच्या उशीवर तो लठ्ठ प्राणी पसरलेला. सासूबाईंनी बसून त्याला मांडीवर ओढून घेतलं. त्या स्वतः काडीसारख्या बारीक होत्या. उंदीर आणि बाई यांच्यात खाल्लेलं अन्न कुणाच्या अंगी लागतंय हे कुणीही सांगितलं असतं.

निरीक्षकांनी घसा साफ केला. वाईट बातमी सांगायची एक पद्धत त्यांनी नोकरीत ठरवून टाकली होती: आढेवेढे न घेता, आकड्यासकट. "मावशी, परवा तुमची सून याला माझ्याकडे दाखवायला घेऊन आली होती. हा तुमचा प्राणी नाही. तुमचा माळावरचा होता, हा जंगलातला आहे. तुमचा आठ वर्षांचा, हा फार तर दोनचा. कुणीतरी बदललाय."

सासूबाई दचकल्या नाहीत. प्राण्याच्या पाठीवरचा त्यांचा हात तसाच फिरत राहिला.

"दार नीट लागलंय का बघा," त्या म्हणाल्या. निरीक्षकांनी बघितलं. "मला माहीत आहे. पहिल्या दिवशीच कळलं."

"कसं?"

"मी चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात होते. गिऱ्हाईक रंग बघायचं, मी पोत बघायचे. साहेबांचे केस म्हणजे जाडंभरडं कांबळं. हात फिरवला की टोचायचे. आणि हा? सॅटिन आहे, सॅटिन. डोळस माणसं शेपटी बघत बसली असतील."

निरीक्षक ओशाळले. सहा वर्षं ते हातमोजे घालून प्राणी बघत आले होते. राठ आणि मऊ हे दोन शब्द त्यांनी कितीदा चिठ्ठीवर लिहिले होते, पण बोटांनी कधी तपासले नव्हते.

"पाच महिने झाले," सासूबाई सांगू लागल्या. "मी दहा दिवस दवाखान्यात होते. परत आले, हिने प्राणी मांडीवर ठेवला, म्हणाली, आई, साहेब तुमची वाट बघत होते. मी हात फिरवला आणि गप्प बसले. तेव्हापासून तिच्यासमोर मी याला साहेबच म्हणते. म्हटलं, बघू कधी तोंड उघडते."

"सरळ विचारायचं ना."

"काय विचारू? मुलगा माझा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. स्वयंपाक ही करते, आंघोळीचं पाणी ही काढते, डोळ्यांत औषध ही घालते. जिच्या हातात माझे डोळे, तिला विचारू, बाई गं, तुझ्या कंपनीतली पुडी आणून माझ्या साहेबांना घातलीस का? आणि ती हो म्हणाली तर पुढे काय करू?"

टेबलावरच्या घड्याळाने बायकी आवाजात बारा वाजल्याचं सांगितलं. सासूबाईंनी हात लांबवून टेबलावरचा डबा ओढला. सकाळी सुनेने भरून ठेवलेला, तीन कप्प्यांचा. झाकण काढून त्यांनी चमचा घेतला, पहिल्या कप्प्यातलं थोडं एका बशीत काढलं, दुसऱ्यातलं काढलं, तिसऱ्यातलंही. एवढ्या सराईतपणे की एक कण सांडला नाही. बशी त्यांनी मांडीवर ठेवली. उंदराने ती चाटूनपुसून साफ केली आणि पुन्हा पसरला. सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं, हात जोडून मांडीवर ठेवले आणि बसून राहिल्या.

"तुम्ही नाही जेवत?" निरीक्षकांनी विचारलं.

"घड्याळ साडेबारा म्हणालं की जेवते. अर्धा तास पुरतो ना? तुम्ही उंदीरवाले, तुम्हाला माहीत असेल."

निरीक्षकांना हे समजायला एक क्षण लागला. तेलातुपाचं, तिखट-मिठाचं खाणं कोण घालत होतं याचं उत्तर समोर बसलं होतं. ज्या प्राण्याला वाचवायला ते तीन जिने चढून आले होते, त्याला या घरात जीव म्हणून कुणी ठेवलेलंच नव्हतं. सुनेने त्याला खोटं म्हणून आणलं आणि सासूने चव बघायला ठेवलं.

"एका परीने बरं झालं तुम्ही आलात," सासूबाई म्हणाल्या. "इतके दिवस माझे एकटीचे हात सांगत होते. माणसाला वाटतं, आपलंच डोकं फिरलंय. आता जाणकार माणसानेही सांगितलं. पक्कं झालं."

"मी फक्त प्राणी बदललाय एवढं म्हणालो," निरीक्षक घाईने म्हणाले. "मारला असं नाही म्हणालो."

"एकच ते."

एकच नव्हतं. कमी भरलेलं माप आणि दरोडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ते आयुष्यभर नव्या पोरांना शिकवत आले होते. आणि रविवारी बायकोसमोर बसून त्यांनी स्वतः दोन्ही एकाच पारड्यात टाकलं होतं. ज्या बाईला मारायचंच आहे ती उंदीर किती जाड होईल हे विचारायला खोकं घेऊन कशाला येईल? तिला भीती होती ती प्राण्याचा आकार बदलला तर सासूला कळेल याची. हे आता त्यांच्या ध्यानात आलं, इतकं सांगून झाल्यावर.

कुलपात किल्ली फिरली. सून रोज जेवणाच्या सुट्टीत डोळ्यांत औषध घालायला यायची, ते काही निरीक्षकांना ठाऊक नव्हतं. ती आत आली, निरीक्षकांना बघितलं आणि दाराला टेकून उभी राहिली.

"काका, मी नको म्हटलं होतं."

"ये, बस," सासूबाई म्हणाल्या. "यांनी सांगितलं मला सगळं. हा साहेब नाही."

सुनेने पर्स खाली ठेवली. मग ती एका दमात बोलली, खूप दिवस पाठ केलेलं असावं तसं.

"साहेब गेले, आई. तुम्ही दवाखान्यात गेलात त्याच्या चौथ्या दिवशी. खाणं सोडलं होतं त्यांनी. मी जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं, पोटात गाठ निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातातच गेले. तुमची शस्त्रक्रिया त्याच दिवशी होती, कसं सांगणार? मग म्हटलं घरी आलात की सांगेन. मग वाटलं, मी काम करते कुठे. उंदीर मारायच्या कंपनीत फोन घेणारी सून, आणि सासू घरात नसताना सासूचा उंदीर मेला. कुणाला पटलं असतं? म्हणून तसाच दुसरा शोधला. चार दुकानं फिरले. शेपटी जुळली तो आणला."

"असं तू म्हणतेस," सासूबाई म्हणाल्या.

सुनेने पर्समधून घडी पडलेला कागद काढला आणि निरीक्षकांच्या हातात दिला. "तुम्ही वाचा. पाच महिने जवळ बाळगते आहे."

निरीक्षकांनी कागद उजेडात धरला. सवयीने शिक्का बघितला, तारखेवर खाडाखोड आहे का बघितलं, सहीची शाई बघितली. मग मोठ्याने वाचला: नर, वय सुमारे आठ वर्षं, वजन एक किलो शंभर, पोटात मोठी गाठ, उपचाराचा उपयोग होणार नाही, मालकाला तशी कल्पना दिली. "कागद खरा आहे, मावशी. मी खोटे कागद पुष्कळ बघितलेत. हा खरा आहे."

सासूबाई हसल्या. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता, नुसती दमणूक होती.

"उंदराला मांजर साक्ष. कागद हिने आणला, वाचणारे तुम्ही. परवा ही तुमच्याकडे येऊन गेली म्हणता. तुमचं काय ठरलंय ते मी कुठे बघायला जाऊ? तुमच्या सदऱ्याला हात लावून माणूस सरळ आहे एवढं मी धरून चालले, तेही धरायला नको होतं."

एकतीस वर्षांत निरीक्षकांना लोक खडूस म्हणाले, छळवादी म्हणाले, पाठीमागे आणखी काय काय म्हणाले असतील. खोटा कुणीच म्हणालं नव्हतं. त्यांचे कान तापले. काहीतरी ठणकावून सांगावं असं वाटलं, आणि सांगण्यासारखं काहीच नव्हतं, कारण म्हातारीच्या जागी ते असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं.

सून टेबलापाशी औषधाची बाटली घ्यायला गेली. तिथे तिला मांडीवरची चाटलेली बशी दिसली, ओला चमचा दिसला आणि झाकण लावलेला डबा दिसला. तिने डबा उघडला. तीनही कप्प्यांतला एकेक कोपरा तेवढा कोरलेला होता.

"आई, हे त्याला का घातलंत?"

सुनेने निरीक्षकांकडे बघितलं. त्यांनी नजर खाली वळवली, आणि तिला तेवढं पुरलं.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज."

"सकाळीसुद्धा?"

"चहासुद्धा."

"तुम्हाला ताप आला होता, मी रजा घेऊन घरी राहिले होते. सूप केलं होतं. ते?"

"ते पण."

सून खाली जमिनीवरच बसली. ती रडेल असं निरीक्षकांना वाटलं, पण ती रडली नाही. पाच महिन्यांची एकेक वेळ ती मनात परत वाढत असावी, आणि प्रत्येक वेळी मधे ती बशी येत असावी. तिची सगळी खटपट सासूला दुःख होऊ नये म्हणून होती, आणि सासू तिच्या प्रत्येक घासाला मरण धरून चालली होती.

"काका, याला तुम्ही घेऊन जा," शेवटी ती म्हणाली. "इथे राहिला तर मरेल. तुम्हीच लिहून दिलंय."

कोपऱ्यात रविवारचं खोकं पडलं होतं. निरीक्षकांनी प्राणी उचलला. हातमोजे आणले नव्हते. केस खरंच मऊ होते, कुणालाही पहिल्या स्पर्शात कळावं इतके मऊ. मांडी मोकळी झाल्यावर सासूबाईंचे हात तिथे चाचपडत राहिले.

"याला नेलंत तर मी जेवू कशी?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. काठी कुठे ठेवली असं विचारावं तसं विचारलं.

सून उठली. डबा उघडून तिने तोच चमचा घेतला, पहिल्या कप्प्यातलं खाल्लं, दुसऱ्यातलं खाल्लं, तिसऱ्यातलं खाल्लं. कोपरा कोरून नाही, चांगले मोठे घास. सासूबाई मान तिरकी करून तिच्या चावण्याचा आवाज ऐकत होत्या, गिळल्याचाही.

"उद्यापासून तू माझ्याच डब्यात जेव," त्या म्हणाल्या. "माझ्या आधी."

"संशय म्हणून की माया म्हणून?"

सासूबाईंनी विचार केला. खोटं बोलायचं त्यांच्या मनात नव्हतं, पाच महिने पुष्कळ झालं होतं.

"आज संशय म्हणून," त्या म्हणाल्या. "पुढचं पुढे बघू."

निरीक्षक खोकं घेऊन बाहेर पडले आणि दार ओढून घेतलं. सुनेने चमचा धुऊन आणला आणि सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी तो धरला, पण डब्याकडे नेला नाही. तिने भिंतीवरचा फोन उचलून कंपनीत कळवलं की आज यायला उशीर होईल. मग खुर्ची ओढून ती त्यांच्या समोर बसली, आणि अर्धा तास होण्याची त्यांच्याबरोबर वाट बघू लागली.